गुरुवारची लिंक बंद करणाऱ्या गणित विभागास खुले पत्र

घणसोली, नवी मुंबई

आदरणीय विभागप्रमुख आणि सेमिनार समितीचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

या पत्रात मी विद्यापीठाचं नाव लिहिलेलं नाही. पत्र कुणासाठी आहे ते आपल्याला पहिल्या ओळीतच कळलं असेल, आणि इतरांना ते कळलं नाही तरी काही अडत नाही. हे सगळं चारचौघांत मांडायची हौस नव्हती. आधी दोन ईमेल पाठवले, दोन्हींची पोचसुद्धा आली नाही, म्हणून हा मार्ग.

गेल्या महिन्यात विभागाची दोन ओळींची सूचना आली. साप्ताहिक सेमिनार यापुढे केवळ प्रत्यक्ष उपस्थितीत होतील, ऑनलाइन सुविधा बंद करण्यात येत आहे. त्याच आठवड्यात जुन्या व्याख्यानांची रेकॉर्डिंग्जही दिसेनाशी झाली. सूचनेत कारण दिलेलं नव्हतं. ते नंतर तोंडी कानावर आलं: लिंक असली की हॉल रिकामा राहतो आणि बाहेरून आलेल्या वक्त्यासमोर विभागाची शोभा होते.

मी याच विभागातून एमएस्सी केलं. आता तासिका तत्त्वावर शिकवते. सकाळी ठाण्यात एका कॉलेजात, दुपारी ऐरोलीत दुसऱ्या. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: जेवढे तास घेतले तेवढ्याचे पैसे, तेही महिनोन्‌महिने उशिरा. उन्हाळ्याच्या सुट्टीत काहीच नाही. रजा नावाची गोष्टच नसते. आपला सेमिनार गुरुवारी चार वाजता असतो आणि ऐरोलीतला माझा तास सुटतो तीन वीसला. तिथून विभागापर्यंत दोन लोकल आणि एक शेअर रिक्षा, सगळं नीट जुळलं तर दीड तास. म्हणजे मी पोचेन तेव्हा आभारप्रदर्शन सुरू असेल. वेळेत यायचं तर दुपारचे दोन तास सोडायचे, म्हणजे त्यांचे पैसे सोडायचे. शिवाय दर गुरुवारी तास सोडणाऱ्या बाईंना पुढच्या वर्षी कोण बोलावेल?

लिंक होती तेव्हा मी ऐरोलीच्या स्टाफरूममध्ये कोपऱ्यातल्या प्लगजवळची खुर्ची धरायची. शेजारी कुणी पेपर तपासत असायचं, कुणी डबा उघडायचं. कानात इयरफोन, मांडीवर वही. एमएस्सी होऊन सहा वर्षं झाली होती, आणि त्या खुर्चीत बसून मला पहिल्यांदा वाटलं की गणित माझ्या हातून अजून निसटलेलं नाही.

त्यातला एक गुरुवार सविस्तर सांगते, कारण लिंक म्हणजे काय हे मला दुसऱ्या कशाने समजावता येणार नाही. त्या दिवशी मी घरी होते. टॉक होता गोलांच्या रचनेवर, म्हणजे स्फिअर पॅकिंगवर. एकाच मापाचे गोल अवकाशात जास्तीत जास्त दाट कसे रचायचे, एवढाच प्रश्न. माझे वडील तुर्भ्याच्या एपीएमसी फळबाजारात माथाडी होते. पाटण तालुक्यातून आले, जन्मभर पेट्या आणि पोती वाहिली, आता कमरेच्या पट्ट्यासह घरी असतात. वक्त्याने सुरुवातीलाच फळांच्या ढिगाचा फोटो दाखवला आणि वडील मागे येऊन उभे राहिले. "आगं, हे मोसंबीचा ढीग लावायचं हाय व्हय? खालच्या खळग्यात वरचं फळ बसतंय. ह्याला मास्तर कशाला लागतोय?"

मी त्यांना सांगितलं, की याहून दाट ढीग लावता येणार नाही असा अंदाज खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६११ साली लिहून ठेवला, आणि टॉमस हेल्स या अमेरिकन गणितज्ञाने त्याची सिद्धता जाहीर केली ती थेट १९९८ साली. बरं, ती इतकी अवाढव्य आणि संगणकावर इतकी विसंबलेली, की तपासणाऱ्यांनीही शंभर टक्के हमी दिली नाही. शेवटी हेल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पायरीन्‌पायरी संगणकाकडून तपासून घेतली, ते काम २०१४ मध्ये संपलं. एवढं करून उत्तर काय, तर फळवाला लावतो तोच ढीग, जागा भरते सुमारे ७४ टक्के. वडील हसले. पण खाली बसले. एका फळाला किती फळं टेकतात हे वक्त्याने विचारलं तेव्हा ते बोटांवर मोजत होते: भोवती सहा, खाली तीन, वर तीन. बारा. बरोबर!

मग वक्ता आठ मितींकडे गेला, म्हणजे लांबी-रुंदी-उंची अशा तीनऐवजी आठ दिशा असलेल्या कल्पनेतल्या अवकाशाकडे. तिथे वडिलांनी सोबत सोडली, माझी मात्र तिथेच सुरुवात झाली. मारिना वियाझोव्स्का या युक्रेनियन गणितज्ञ बाईंनी मार्च २०१६ मध्ये आठ मितींतला प्रश्न सोडवला. उत्तर ई-एट या लॅटिसचं, म्हणजे बिंदूंच्या एका नियमित जाळीचं, त्यात प्रत्येक गोलाला २४० गोल टेकतात. केप्लरच्या प्रश्नाला जिथे शेकडो पानं आणि संगणक लागला, तिथे यांची सिद्धता जेमतेम वीस-पंचवीस पानांची. सगळी मदार एका फलनावर (फंक्शनवर), आणि ते फलन मॉड्युलर फॉर्म्समधून, म्हणजे खास सममिती असलेल्या फलनांमधून, घडवलेलं. लगेच आठवड्याभरात त्यांनी आणखी चौघांसोबत चोवीस मितींचाही निकाल लावला. मॉड्युलर फॉर्म्स मी आपल्याच वर्गात एका सत्रात शिकले होते, परीक्षेपुरते. ते मोसंबीच्या ढिगाशी जोडलेले असतील असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटी मी चॅटमध्ये प्रश्न टाकला: हीच युक्ती तीन मितींत का चालत नाही? एका निवृत्त सरांनी तो मोठ्याने वाचून दाखवला. वक्ता थोडा थांबला आणि म्हणाला, कारण या पद्धतीने दाटपणाला मिळणारी वरची मर्यादा तीन मितींत खऱ्या उत्तराला जाऊन टेकताना दिसतच नाही. आठ आणि चोवीसमध्ये ती नेमकी टेकते, म्हणून तिथे चमत्कार घडतो. दोन मिनिटांचं उत्तर. मी त्यावर पुढे तीन महिने वाचत राहिले, आणि आज सेट परीक्षेपलीकडे पीएचडीचा विचार करते आहे तो त्या दोन मिनिटांमुळे.

आता माझ्या तक्रारी. मुद्द्यांनी लिहिते, म्हणजे उत्तरही मुद्द्यांनी देता येईल.

पहिली, निर्णय कुणालाही न विचारता झाला. ऑनलाइन येणारे कोण आहेत, कुठून येतात, का येतात, हे विभागाने एकदाही विचारलं नाही. साधा फॉर्म पाठवला असता तरी दिसलं असतं. मला नावं दिसायची त्यातले कित्येक माझ्यासारखेच होते: कर्जतच्या कॉलेजातला एक सहकारी, अंबरनाथची एक बाई जी लहान मुलाला घेऊन ऐकायची, पालघरकडचे एक शाळेतले सर. आणि वार्षिक अहवालात जेव्हा सेमिनारच्या श्रोत्यांचा आकडा छापला गेला, तेव्हा त्यात आम्ही धरलेले होतो. अहवालापुरते आम्ही श्रोते, आणि लिंक बंद करताना आम्ही गर्दी न करणारे लोक, हे मला समजत नाही.

दुसरी, ऑनलाइन सोय कधी मनापासून चालवलीच गेली नाही, आणि मग ती चालत नाही म्हणून बंद केली. लिंक यायची चारला दहा कमी असताना. सुरुवातीला फुकट खातं वापरलं जायचं, त्यामुळे चाळिसाव्या मिनिटाला मीटिंग तुटायची, आणि सिद्धतेची कळीची पायरी नेमकी एकेचाळिसाव्या मिनिटाला असते हा सिद्धान्त मी स्वानुभवावरून मांडायला तयार आहे. कॅमेरा मागच्या भिंतीवर. फळ्यावर ट्यूबलाइटची चकाकी. वक्त्याचा आवाज येई, पण हॉलमधून कुणी काय विचारलं ते कधीच नाही. त्यामुळे आम्हाला फक्त उत्तरं ऐकू यायची आणि प्रश्न ओळखावा लागायचा. (गणितात हे काही अगदीच वाईट प्रशिक्षण नाही, ते सोडा.) इतर विषयांत स्लाइड दिसली तरी भागतं. आपल्याकडे फळा हाच टॉक असतो. खडूने ओळ लिहायला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात ऐकणारा विचार करतो. फळा दिसत नसेल तर लिंक देऊन न दिल्यासारखीच.

तिसरी, रेकॉर्डिंग्ज. वक्त्याला अप्रकाशित काम उघड करायचं नसेल तर रेकॉर्डिंग नको, हे मला पूर्ण मान्य आहे. पण सगळी सरसकट का काढली? त्यात आपल्याच निवृत्त प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांसाठी घेतलेली गॅल्वा थिअरीची (कुठली समीकरणं सूत्राने सुटतात हे सांगणाऱ्या सिद्धान्ताची) सहा व्याख्यानं होती. मी ती माझ्या टीवायच्या मुलींना दाखवायची. एका मुलीने विचारलं, "मॅडम, ते सर आता दिसत नाहीत, वारले का?" काय सांगणार?

चौथी लहान आहे. माजी विद्यार्थ्यांचे विद्यापीठाचे ईमेल पत्ते बंद झाले आणि सेमिनारची यादी त्याच पत्त्यांवर चालते. म्हणजे टॉक कधी आहे हेच कळत नाही.

आपली बाजू मी ऐकलेली नाही असं नाही. विभागातल्या एका सरांना फोन केला होता. ते म्हणाले, सेमिनारचा निम्मा अर्थ नंतरच्या चहात असतो. खरं आहे. मी विद्यार्थिनी असताना त्या चहावर काय काय शिकले ते मला ठाऊक आहे. बशीवर पेनाने काढलेली आकृती अजून आठवते. ते म्हणाले, मुलं हॉस्टेलच्या खोलीत पडून लिंक लावतात आणि झोपतात. हेही खरं असणार. मग हॉस्टेलच्या मुलांना हॉलमध्ये बोलवा, हजेरी लावा, चहाबरोबर वडापाव ठेवा. आवारात राहणाऱ्याच्या आळसासाठी घणसोलीच्या माणसाला बाहेर का ठेवायचं? ते म्हणाले, एकदा कुणी अनोळखी माणूस मीटिंगमध्ये घुसला आणि गाणी लावली. नावनोंदणी ठेवली की तो प्रश्न सुटतो. २०२० मध्ये साऱ्या जगाने हे सोसलं आणि मग सगळ्यांनी शिकूनही घेतलं.

शेवटी ते हसत म्हणाले, "अहो, कोसंबी पुण्याहून डेक्कन क्वीनने टीआयएफआरला यायचे, तुम्हाला घणसोलीहून यायला काय होतं?" सर, गणितज्ञ आणि इतिहासकार दामोदर कोसंबींबद्दल मला अतोनात आदर आहे. पण त्यांना त्या प्रवासाच्या टोकाला टीआयएफआरचा, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा, पगार होता. आणि डेक्कन क्वीनमध्ये बसायला जागा मिळत असे.

दुसरा एक मुद्दा मला जास्त गंभीर वाटतो, तो एका मित्राने काढला: यूट्यूबवर सगळंच आहे, मग विभागाच्या लिंकसाठी एवढा आग्रह कशाला? खरंच आहे, भरपूर आहे. बंगळुरूच्या आयसीटीएस या संशोधन संस्थेच्या व्याख्यानमालाच्या व्याख्यानमाला तिथे मिळतात, एनपीटीईएलचे (आयआयटींचे ऑनलाइन) अभ्यासक्रम आहेत. २०२२ ची जागतिक गणित परिषद सेंट पीटर्सबर्गला व्हायची होती; युक्रेनच्या युद्धामुळे ती ६ ते १४ जुलै अशी संपूर्ण ऑनलाइन झाली, आणि ऐकायला पैसे नव्हते. वियाझोव्स्कांना फील्ड्स पदक, गणितातला सर्वोच्च मानला जाणारा सन्मान, मिळालं ते त्याच वर्षी. समारंभ हेलसिंकीत झाला, मी तो ठाण्याच्या फलाट क्रमांक दहावर मोबाईलवर पाहिला. चार वर्षांतून एकदा भरणारी परिषद जर अशी उघडी ठेवता येते तर आपला गुरुवार का नाही, हा प्रश्न आहेच. पण माझं म्हणणं वेगळं आहे. फील्ड्स पदकविजेतीचं व्याख्यान मला केव्हाही ऐकता येतं, फक्त तिला मी प्रश्न विचारू शकत नाही. आपल्या सेमिनारमध्ये मी विचारू शकत होते. तिथे माझ्या अभ्यासक्रमात काय होतं आणि काय राहून गेलं हे जाणणारी माणसं बसलेली असतात. प्रश्न अडखळत विचारला तरी तो नीट करून वाचणारे एक निवृत्त सर असतात. कुणाकडे मार्गदर्शनासाठी जावं हे तिथे कळतं. यूट्यूबवर मी प्रेक्षक आहे. आपल्याकडे मी, लिंकवर का होईना, विभागातली होते.

आपल्या कॉरिडॉरमध्ये, ग्रंथालयाच्या दाराजवळ, द. रा. कापरेकरांची तसबीर आहे. डहाणूचे, शाळेचं शिक्षण ठाण्यात, आणि आयुष्यभर देवळालीला शाळामास्तर. दरवर्षी पहिल्या तासाला मी मुलांना त्यांचा ६१७४ करायला लावते. चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. समजा ३५२४. उतरत्या क्रमाने ५४३२, चढत्या क्रमाने २३४५, वजाबाकी ३०८७. पुन्हा, ८३५२. पुन्हा, ६१७४. आणि मग गाडी तिथून हलत नाही. १९७५ साली गणिती कोड्यांचे प्रसिद्ध लेखक मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं तेव्हा कापरेकर सत्तरीचे होते. त्याआधी आपल्याकडच्या कित्येक गणितज्ञांनी त्यांचं काम हौशी करमणूक म्हणून बाजूला ठेवलं होतं. विद्यापीठात त्यांना कधी खुर्ची नव्हती. आज त्यांची तसबीर आपण लावली आहे, छान केलं. मात्र सध्या देवळालीचा एखादा शाळामास्तर गुरुवारी चार वाजता आपल्या सेमिनारला येऊ म्हणाला, तर त्याला कुठून प्रवेश आहे?

माझ्या मागण्या अशा.

गुरुवारच्या सेमिनारची लिंक पुढच्या सत्रापासून पुन्हा सुरू करावी. नावनोंदणी ठेवा, ओळखपत्र मागा, हरकत नाही, पण माजी विद्यार्थी आणि इतर कॉलेजांतले शिक्षक यांना त्यात जागा असावी.

कॅमेरा फळ्यासमोर, पहिल्या रांगेच्या उंचीवर असावा. वक्त्याच्या कॉलरला माइक असावा आणि हॉलमधला प्रश्न वक्त्याने उत्तराआधी एकदा परत म्हणावा. या शेवटच्या गोष्टीला एक रुपयाही लागत नाही.

ऑनलाइन प्रश्न वाचायला दर वेळी एका पीएचडी विद्यार्थ्याला नेमावं. त्यालाही त्याचा उपयोगच होईल, दुसऱ्याचा प्रश्न नेमका करून मांडणं हे काही कमी कौशल्य नाही.

वक्त्याची संमती असेल तिथे रेकॉर्डिंग किमान महिनाभर उपलब्ध ठेवावं. जुन्यांपैकी विद्यार्थ्यांसाठी घेतलेली व्याख्यानं, त्या त्या प्राध्यापकांना विचारून, परत उघडावीत. गॅल्वाची सहा आधी.

विषय, सारांश आणि आधी काय माहीत असायला हवं याची दोन वाक्यं आठवडाभर आधी यावीत, खाजगी ईमेलवरही.

महिन्यातून एक टॉक शनिवारी संध्याकाळी ठेवता आला तर मी स्वतः येईन. चहा माझ्याकडून. सत्रातून एखादा टॉक मराठीत ठेवता आला तर वडिलांनाही घेऊन येईन. आठ मितींत फळं कुठे ठेवतात हा प्रश्न त्यांनी अजून सोडलेला नाही.

उत्तर लेखी द्यावं ही विनंती. नकार असेल तर तोही चालेल, पण कारणासकट. आपणच मला शिकवलंत की 'हे उघड आहे' असं लिहून सिद्धता संपवायची नसते.

आपली,
विभागाची एक माजी विद्यार्थिनी,
सध्या तासिका तत्त्वावर गणित शिक्षिका

ता. क. : फळ्यासमोर ठेवायला ट्रायपॉड नाही असं कळलं. माझ्याकडे एक आहे, लॉकडाऊनमध्ये शिकवण्यासाठी घेतलेला. एक पाय थोडा ढिला आहे, पण रबर लावलं की उभा राहतो. कुणाकडे पोचवू तेवढं कळवा.